ब्रुनो तोपोरची बायको

सालोमेया कणीक मळताना पुरुषासारखी बोलते, हे सगळ्यांत आधी तिच्या नणंदेच्या लक्षात आलं.

आवाज पुरुषी नव्हता. आवाज बारीक, जरासा चिरका होता. बोलणं पुरुषाचं होतं. "मी घोड्यावरून उतरलो," असं ती कणकेच्या गोळ्याला सांगायची. "दोन दिवसांचा उपाशी होतो, तरी आधी घोड्याला पाणी दाखवलं, मग स्वतः प्यायलो." आपल्या भाषेत माणूस स्वतःबद्दल बोलला की क्रियापदच सांगून टाकतं, बोलणारा बाप्या आहे की बाई. सालोमेयाच्या तोंडून दर वाक्याला बाप्या बाहेर पडायचा.

"आमच्या स्वयंपाकघरात कोण शिपाई शिरलाय गं?" लुद्विका दाराच्या चौकटीला टेकून विचारायची. "त्याला म्हणावं, घोड्यावरून उतरलाच आहेस तर चार बटाटे सोलून दे."

लुद्विका म्हणजे सालोमेयाच्या नवऱ्याची थोरली बहीण. तिचं लग्न जमलं नाही, मग ती भावाच्या घरी राहिली आणि घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला राहिल्या. भाऊ गुस्ताव रुदनित्स्की (घरातल्या बायकांचं आडनाव मात्र रुदनित्स्का) रुदावेत्स गावच्या मुलांच्या हायस्कुलात लॅटिन शिकवायचा. उंच, भरदार, मिशा अशा की रस्त्याने जाताना पोरं नमस्कार आधी मिशांना करायची. माणूस वाईट नव्हता. त्याला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे, एवढंच.

सालोमेयाचे वडील किल्ल्यातल्या जुन्या कचेरीत दप्तर सांभाळायचे. त्यांची नजर गेल्यावर मुलगीच त्यांना कागद वाचून दाखवायची. दोनशे वर्षांपूर्वी कुणी कुणाची मेंढरं पळवली, कुठल्या सरदाराने कुठल्या भटारणीला काय शिवी दिली, वेढा पडला तेव्हा मीठ काय भावाने विकलं, हे सगळं त्या पोरीच्या कानांतून गेलं आणि डोक्यात राहिलं. लग्नानंतर तेच बाहेर येऊ लागलं. पोळपाटावर ती लढाई मांडायची. वाटाणे म्हणजे आपले लोक, काळे घेवडे म्हणजे तातार. कोण कुठून चाल करून आला, कुणाला पळायला वाट उरली, हे दाणे सरकवून पाहिल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नसे. एकदा ती बाजारातून येईपर्यंत लुद्विकाने सगळी तातार फौज चुलीवरच्या सुपात शिजायला टाकली.

"अगं, ते उद्याचे होते!" सालोमेया ओरडली.

"मग आजच हरले," लुद्विका म्हणाली. "मीठ बघ पुरे आहे का."

पहिली कादंबरी पुरी झाली तेव्हा सालोमेया नवऱ्याबरोबर ल्वूफ शहरात गेली आणि बाड घेऊन एकटीच एका साप्ताहिकाच्या कचेरीत शिरली. संपादक अन्झेल्म विल्गा तेव्हा तरुण होता. त्याने दोन पानं चाळली आणि बाड पुन्हा दोरीने बांधून दिलं.

"बाईसाहेब, तलवार ही वस्तू हातात धरल्याशिवाय कळत नाही."

"तुम्ही धरली आहे?" सालोमेयाने विचारलं.

विल्गा मनापासून हसला. त्याने खणातून बडीशेपेच्या गोळ्यांची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. "मुलींसाठी काहीतरी गोड लिहा. कोंबडीच्या पिल्लांबद्दल वगैरे."

तेच बाड तिने हिवाळ्यात टपालाने पाठवलं. शीर्षक तेच, मजकूर तोच. लेखकाचं नाव फक्त बदललं. ब्रुनो हे तिच्या लहानपणीच मेलेल्या मामाचं नाव, आणि तोपोर म्हणजे कुऱ्हाड. चुलीपाशी सरपण फोडायची एक पडलेली असायची, ती बघून सुचलं. विल्गाने उत्तर तारेने दिलं. त्यात तो म्हणाला की हा माणूस लढाईत होता हे पहिल्या पानावरच कळतं.

नवराबायको त्या दिवशी हसून हसून बेजार झाली. गुस्तावने तिला उचलून स्वयंपाकघरभर फिरवलं. "माझी शिपाई! माझी कुऱ्हाड!" तेव्हा तो खरंच खूश होता. त्या दोघांचं ते सुख खोटं नव्हतं, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

तोपोरच्या सगळ्या कादंबऱ्या एकाच तऱ्हेच्या. म्हातारा शिपाई शेकोटीपाशी बसून आपली हकिकत स्वतःच सांगतो. मी गेलो, मी पडलो, मी उठलो. लोक वेडे झाले. बायका रडायच्या, पोरं काठ्यांचे भाले करायची. आणि आपल्याकडे माणूस आवडला की त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी त्याच्या दारात जायचं असतं. वाढदिवस कुणाला ठाऊक असतो? नावाचा दिवस मात्र पंचांगातच छापलेला असतो. ऑक्टोबरात संत ब्रुनोचा दिवस आला आणि विल्गा न कळवता, हातात फुलं आणि बगलेत मधाच्या दारूची बाटली घेऊन रुदावेत्सच्या दारात उभा राहिला.

दार सालोमेयाने उघडलं. तिच्या अंगात ॲप्रन होता, कोपरापर्यंत हातांना पीठ होतं. विल्गाने आपला ओव्हरकोट तिच्या हातात दिला आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. पलीकडे गुस्ताव उभा होता. नुकताच शाळेतून आलेला, काळ्या कोटात.

"तोपोर!" विल्गा म्हणाला आणि त्याने जाऊन गुस्तावला मिठी मारली.

गुस्तावने त्याच्या खांद्यावरून बायकोकडे पाहिलं. ती ओव्हरकोट धरून उभी होती. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग विल्गाची पाठ थोपटली.

दुसऱ्या पेल्यानंतर सांगू, असं त्याने ठरवलं होतं. दुसऱ्या पेल्यानंतर खसखशीचा केक आला. केक सालोमेयाने आणला. विल्गाने तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "तोपोरच्या घरचा केकसुद्धा ऐतिहासिक आहे!" तिला ल्वूफच्या कचेरीत पाहिलेलं त्याला आठवलं नाही.

रात्री तो गेल्यावर लुद्विका भांडी विसळत होती, सालोमेया ती पुसत होती.

"सांगणारच होतो गं," गुस्ताव म्हणाला. "पण त्याने मिठी मारली. मिठीत असलेला माणूस 'मी तो नव्हेच' कसं म्हणणार?"

"श्वास आल्यावर म्हणायचं."

"पुढच्या वर्षी सांगू. शप्पथ. आणि सालका, विचार कर. त्याला कळलं असतं तर दुसरी कादंबरी छापली असती त्याने?"

सालोमेया थाळी पुसत राहिली. नवरा म्हणतो त्यात तथ्य होतं, हे तिलाही कळत होतं. आणखी एक गोष्ट होती. प्शेमिशल शहराच्या दप्तरखान्यात बाईला एकटीने आत सोडत नसत. ब्रुनो तोपोरची बायको, नवऱ्यासाठी नकला उतरवायला आली आहे, म्हटल्यावर तिथल्या चपराशाने खुर्ची पुसून दिली असती. पुढे दिलीही. तेव्हा त्या दिवशी ती गप्प बसली ती सोयीसाठीही बसली.

लुद्विका एकटी हसली. "वा! आता माझा भाऊ शिपाई झाला. बटाटे तरी सोलेल."

पुढच्या वर्षी मुलगी झाली, फेलित्सिया. लहान मूल, दारात येईल त्याला सगळं सांगेल, म्हणून तिलाही सांगायचं नाही असं ठरलं. फेलित्सिया चवड्यांवर चालायला शिकली. अभ्यासिकेचं दार बंद असलं की बाबा लिहीत असत. खरं तर बाबा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन कोचावर झोपलेले असत. स्वयंपाकघराचं दार उघडं असे. तिथे आई मांडीवर फळी घेऊन भराभरा लिहीत असे, मधूनच उठून सूप हलवत असे.

"आई, तू काय लिहितेस?"

"बाबांनी सांगितलेलं उतरवून काढतेय."

"तुला सगळं समजतं?"

"थोडं थोडं," सालोमेया म्हणायची.

आपल्या हाताने आपल्या घराला कडी घालणं म्हणतात ते हेच. पण त्या वेळी ती कडी आतून घातली आहे, हवी तेव्हा काढता येईल, असं तिला वाटत होतं.

वर्षं गेली. गुस्ताव आधी कुणी तोपोर म्हणून हाक मारली की हसायचा, मग नमस्कार घ्यायला लागला, मग सभांना जायला लागला. त्याचा आवाज भरदार होता, पाठांतर चांगलं होतं. सालोमेयाने सांगितलेली एखादी गोष्ट तो अशी सांगायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. हळूहळू ती त्याला स्वतःचीच आठवण वाटायला लागली. एकदा ती त्याला नवं प्रकरण वाचून दाखवत होती. नायक पहिल्या लढाईत भीतीने घोड्याच्या मानेवर ओकतो, असं त्यात होतं. गुस्तावने मिशीवरून बोट फिरवलं.

"नाही, सालका. हे काढ. तोपोर असं लिहिणार नाही."

सालोमेयाने पानं खाली ठेवली. "काय म्हणालास?"

"म्हणजे... लोकांना माहीत असलेला तोपोर गं."

लुद्विका कोपऱ्यात विणत होती. सुया थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या.

शेवटची कादंबरी सालोमेयाने सुरू केली तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. प्रोकोप नावाच्या ध्वजधाऱ्याची ही गोष्ट. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यात प्रोकोप स्वतःच ती सांगतो. त्या वेढ्याचे कागद तिने वडिलांना लहानपणी वाचून दाखवले होते. आजवरची सगळी पुस्तकं या एका पुस्तकाची तयारी होती, असं तिला वाटे. अर्धी कादंबरी साप्ताहिकात गेली तेव्हा एका संध्याकाळी तिने गुस्तावच्या चहात लिंबू पिळलं आणि त्याच्या समोर बसली.

"बाकीची सगळी तुझी," ती म्हणाली. "मेडलं, फुलं, सगळं. हे एक पुस्तक माझ्या नावावर जाऊ दे. सालोमेया रुदनित्स्का. एवढं एक."

गुस्तावचे डोळे भरून आले. त्याला लवकर रडू यायचं. "मी नालायक आहे," तो म्हणाला. "सालका, रौप्यमहोत्सवाच्या समारंभात सांगतो. सगळ्यांदेखत. विल्गा असेल, तालुक्याचे अधिकारी असतील. उभा राहून सांगतो."

तोपोरच्या पहिल्या कादंबरीला पंचवीस वर्षं झाली त्याचा तो समारंभ. नगरभवनात माणूस मावत नव्हता. अग्निशामक दलाचा बँड, शाळेच्या मुलांचं गाणं, गावाने वर्गणी काढून घडवलेली चांदीची दौत. सालोमेयाने करड्या रेशमाचा पोशाख शिवून घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिने पोशाखावर खर्च केला, तेव्हा शिंपिणीलाही नवल वाटलं. ती पहिल्या रांगेत बसली, एका बाजूला फेलित्सिया, दुसऱ्या बाजूला लुद्विका.

गुस्ताव उभा राहिला.

"मित्रहो, आज मी एक गुपित सांगणार आहे."

सालोमेयाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"ब्रुनो तोपोर एकटा नाही," गुस्ताव म्हणाला. त्याचा आवाज थरथरला, खरोखरच थरथरला. "त्याच्यामागे एक बाई आहे." त्याने तिच्याकडे पाहिलं. मग विल्गाकडे पाहिलं. मग टाळीसाठी आधीच वर गेलेल्या कितीतरी हातांकडे पाहिलं. "एक बाई, जिने पंचवीस वर्षं त्याच्या दौतीतली शाई वाळू दिली नाही आणि त्याचं सूप गार होऊ दिलं नाही!"

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. फेलित्सियाने रडत आईचा मुका घेतला. लोक ओरडू लागले, उभ्या राहा, उभ्या राहा. सालोमेया उभी राहिली आणि तिने मान लववली.

घरी आल्यावर गुस्ताव तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. ती त्याला म्हणाली, "ऊठ, पँटला गुडघे येतील."

तीन महिन्यांनी तो शाळेच्या जिन्यात कोसळला. हातातलं लॅटिनचं पुस्तक खालपर्यंत घरंगळत गेलं म्हणतात. दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानाकडे जाताना सालोमेयाला चर्चच्या भिंतीवर मरणाची सूचना दिसली. काळ्या चौकटीतला कागद, खळ अजून ओली. आपल्याकडे तशा सूचना भिंतींवर लावतातच. मजकूर लुद्विकाने दिला होता. वर ठळक अक्षरांत ब्रुनो तोपोर, खाली बारीक अक्षरांत गुस्ताव रुदनित्स्की. सालोमेयाने ती सूचना उभी राहून पुरी वाचली. मरणाची तारीख, वय, शोकाकुल पत्नी. मग ती पाव घेऊन घरी आली.

अंत्ययात्रेत विल्गाने तिच्या हाताचं चुंबन घेतलं. "काळजी करू नका. ध्वजधाऱ्याची गोष्ट आम्ही अर्धवट ठेवणार नाही. क्राकूफ विद्यापीठाचे एक प्राध्यापक ती पूर्ण करतील."

"मी करीन," सालोमेया म्हणाली.

"तुम्ही आता विश्रांती करा," विल्गा म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे वळला.

मरणाला महिना झाल्यावर चर्चमध्ये प्रार्थना असते, ती आटोपल्यावर नगरभवनात शोकसभा झाली. तिथेच प्राध्यापकांचं नाव जाहीर व्हायचं होतं. सभेला निघताना सालोमेयाने लुद्विकाचा हात धरला. "आज मी बोलणार आहे. विचारलं तर तू खरं सांगशील?"

लुद्विकाने काळे हातमोजे चढवले. "गारठा आहे. गळ्याला काहीतरी गुंडाळ," ती म्हणाली.

विल्गा बोलून खाली बसायच्या आत सालोमेया उठली. अध्यक्षांना वाटलं आभार मानायचे असतील, त्यांनी तिला हात देऊन व्यासपीठावर चढवलं.

"ध्वजधाऱ्याची गोष्ट माझी आहे," ती म्हणाली. "सगळी पुस्तकं मी लिहिली. गुस्तावने नव्हे."

कुणीतरी खोकलं. कुठे खुर्ची सरकली.

"पहिल्या पुस्तकापासून." इतक्या लोकांपुढे ती कधीच बोलली नव्हती. स्वतःबद्दल तर कुणापुढेच नाही. तिला शब्द सुचेनात, आणि मग जे शब्द रोजचे होते ते आले. "पंचवीस वर्षं मी त्या चुलीपाशी बसलो. मी थंडीत गारठलो, पण उठलो नाही..."

आधी मागच्या बाकावरचं एक पोरगं फिसकन हसलं. मग त्याच्या पुढची रांग. सुतकाच्या काळ्या कपड्यांतली छोटीशी बाई बारीक आवाजात 'मी गारठलो' म्हणते आहे, हे शोकसभेतही हसू आवरण्यासारखं नव्हतं. ज्यांना हसू आलं नाही त्यांना कीव आली, आणि ते जास्त वाईट होतं.

सालोमेयाला आपण काय बोललो ते कळलं. ती लाल झाली. "मी खोटं नाही बोलत. मी घाबरलो... मी..." आणि जीभ पुन्हा तिथेच गेली. पंचवीस वर्षं 'मी' म्हटलं की शिपाईच बोलत आला होता. दुसरं कुणी त्या शब्दात राहतच नव्हतं.

विल्गा उठला. तो दुष्ट नव्हता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेकडे वळून हळुवारपणे म्हणाला, "मित्रहो, हसू नका. या बाईने पंचवीस वर्षं नवऱ्याचा शब्द न् शब्द उतरवला. त्याचे शब्द तिच्या जिभेवर बसले आहेत. तो गेला, पण तिच्या तोंडून अजून बोलतो आहे. यापेक्षा मोठं प्रेम मी पाहिलेलं नाही."

आता बायका रडू लागल्या.

"शेवट विचारा मला!" सालोमेया म्हणाली. "पुढे काय होतं ते विचारा."

"सांगा," विल्गा म्हणाला, लहान मुलाला म्हणावं तसं.

"प्रोकोप ध्वज फाडतो. पट्ट्या करतो. जखमा बांधायला कापड उरलेलं नसतं. मग गवतावर पडून तापाने मरतो. कोण जिंकलं ते विचारतो, पण उत्तर द्यायला कुणी नसतं."

सभागृहात कुजबुज झाली आणि ती वाढत गेली. पुढच्या रांगेतले तालुक्याचे अधिकारी उभे राहिले. "ध्वज फाडतो? तोपोरचा वीर? बाई, मेलेल्या माणसाचा एवढा तरी मान ठेवा!"

सालोमेयाने लुद्विकाकडे पाहिलं. लुद्विका हातमोज्याच्या बोटाचा शिवणीतला दोरा ओढत होती. तो निघाला, तिने तो टाकला, आणि दुसरा ओढायला लागली.

फेलित्सिया व्यासपीठावर चढली. तिचा चेहरा रडून सुजला होता. "चल, आई. घरी चल. बाबांना वाईट वाटेल."

डॉक्टरांनी झोपेचे थेंब दिले आणि लिहायवाचायला मनाई केली. फेलित्सियाने दौत कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली लुद्विकाच्या कमरेला गेली. सालोमेया पडून राहिली. एका दुपारी लुद्विकाने तिला सूप आणून दिलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

"तूच लिहितेस, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," लुद्विका म्हणाली. "मी काही आंधळी नाही."

"मग?"

"मग काय? एकदा पुरला त्याला. आता उकरून काढून पुन्हा मारू? आयुष्यभर माझ्याकडे काय होतं सालका? एक भाऊ होता, ज्याच्यासाठी बँड वाजला." तिने चमचा पुढे केला. "घे. बीट आहे, रक्त वाढतं."

सालोमेयाने सूप घेतलं. दुसरं काय करणार होती?

साप्ताहिकाच्या नव्या अंकात प्राध्यापकांनी लिहिलेल्या शेवटाची जाहिरात आली. फेलित्सियाने ती आईला बरं वाटावं म्हणून वाचून दाखवली. प्रोकोप एकटा तटावर चढून ध्वज फडकावतो, तातार पळत सुटतात, आणि किल्लेदाराची मुलगी त्याच्या गळ्यात पडते.

सालोमेया उठून बसली. "किल्लेदाराची मुलगी? ती तर मार्चमध्ये देवी येऊन मेली! सातव्या प्रकरणात मेली! त्या माणसाने वाचलंय तरी का?"

"आई, पड ना. डॉक्टर म्हणाले..."

"कागद घे, फेला. तू लिही. मी बोलणार. बोलायला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही."

फेलित्सियाला वाटलं, बोलून मन हलकं होईल. तिने पेन्सिल घेतली. सालोमेयाने डोळे मिटले आणि सुरुवात केली. "पाणी संपलं त्या दिवशी मी ध्वज खाली उतरवला. तो हातात घेतल्यावर पहिल्यांदा कळलं की तो किती जड होता..." ती दिवसेंदिवस बोलत होती, तापात बोलत होती, श्वास लागला की थांबत होती. फेलित्सियाची पेन्सिल आधी हळू चालली, मग धावू लागली. प्रोकोप गवतावर पडून विचारतो तिथे आल्यावर तिने पेन्सिल टाकून दिली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

"आई गं! हे खरंच आहे. हे दुसऱ्या कुणाला सुचणारच नाही."

सालोमेयाने तिच्या केसांवर हात ठेवला. ती वाट बघत होती.

"हे बाबाच आहेत," फेलित्सिया म्हणाली. "प्रत्येक शब्द बाबांचा आहे! त्यांनी तुला शेवट सांगून ठेवला होता, आणि आम्ही त्या सभेत तुझं ऐकलं नाही. मी आजच विल्गाकाकांना कळवते. ते प्राध्यापकांचं थांबवतील. आई, सांग ना, बाबांनीच सांगितलं होतं ना तुला?"

सालोमेया मुलीकडे बघत राहिली. 'नाही' म्हटलं तर हा शेवट एका आजारी बाईची बडबड ठरणार होता, आणि प्रोकोप आयुष्यभर तटावर उभा राहून मेलेल्या मुलीशी लग्न करणार होता. 'हो' म्हटलं तर तो मरायचा तसा मरणार होता.

"हो," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं."

पुस्तक वसंतात निघालं. ब्रुनो तोपोरची अखेरची कादंबरी, पत्नीच्या स्मरणातून. विल्गा स्वतः आला आणि म्हणाला, प्रस्तावनेत चार ओळी तुमच्या हव्यात, तुमच्या स्वतःच्या शब्दांत. सालोमेयाने त्याच्यासमोर लिहून दिल्या. 'पतीच्या पायाशी बसून मी हे ऐकत गेले, आणि जसं आठवलं तसं सांगत गेले.' गेले, गेले. एकही चूक झाली नाही. आयुष्यात तिचं बाई म्हणून छापलेलं वाक्य हे एवढंच, आणि त्यात एक शब्दही खरा नव्हता.

पुस्तक गाजलं. ध्वज फाडणारा वीर लोकांना एकदम थोर वाटला. तोपोरने मरण्याआधी सांगितलेलं ते, म्हटल्यावर कुणाला खटकणार? मुलींच्या शाळांमधून सालोमेयाचं उदाहरण द्यायला लागले. स्मरणशक्ती असावी तर अशी, निष्ठा असावी तर अशी. बायका तिला बघायला यायच्या आणि जाताना तिच्या खांद्याला ओठ लावायच्या. लुद्विका त्यांना चहा द्यायची आणि भावाची खुर्ची दाखवायची.

क्राकूफच्या प्राध्यापकांनी परीक्षण लिहिलं. फेलित्सियाने ते वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली.

"वाच," सालोमेया म्हणाली.

"काही नाही गं, मेल्याला जळफळाट झालाय. म्हणतो, 'शेवटच्या प्रकरणात तोपोरची पकड ढिली वाटते. मृत्यूचा प्रसंग घाईत उरकला आहे. बाईच्या स्मरणातून येताना बरंचसं सांडलं असावं.'"

सालोमेयाने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "घाई झाली. मला ताप होता. गवतावर पडल्यावर त्याने एकदम विचारायला नको होतं. आधी त्याला तहान लागायला हवी. मग त्या पट्ट्यांपैकी एक दवात ओली करून कुणीतरी त्याच्या ओठांना लावून निघून जायला हवं. फेला, दुसरी आवृत्ती निघतेय ना? कागद आण. एक पानच आहे. मला आता नीट दिसतंय ते."

फेलित्सियाने परीक्षणाची घडी घातली. ती पलंगाजवळ आली, तिने आईच्या अंगावरची दुलई सारखी केली आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला.

"नको, आई," ती मायेने म्हणाली. "बाबांच्या शब्दांत आपण कसा हात घालायचा?"